अष्टमीची ओहोटी

ज्या माणसाबद्दल हे लिहिते आहे त्याला मी चार वर्षं 'सर' म्हणत आले. फोनवर त्याच्याशी उभी राहून बोलायचे. तो तिकडे हायवेलगतच्या आपल्या साप्ताहिकाच्या कचेरीत, मी इकडे आफ्रिकेत, मध्ये अख्खा समुद्र, तरी मी खुर्चीवरून उठायचे. आता त्याला नुसतं 'तो' म्हणणार आहे. त्याचं नाव लिहिणार नाही. नाव छापून येणं केवढी मोठी गोष्ट असते हे त्यानंच मला शिकवलं. मग ती मी त्याला फुकट का देऊ?

माझं शिक्षण आठवी पास. नववीत शाळा सुटली, आणि ती समुद्रामुळे सुटली. आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावर. आई खडकांवरची कालवं काढून विकायची, अजून विकते. हे काम रोजचं नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जेवढं भरतं तेवढंच लांब ओसरतं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. त्या चार-पाच दिवसांत जेवढं काढाल तेवढं तुमचं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाणी धड भरत नाही, धड सुकत नाही, मध्येच घुटमळत राहतं, आणि बायका घरी बसून जाळी नाहीतर गोधड्या शिवतात. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. मी दर पंधरवड्याला उधाणाचे चार दिवस आईबरोबर खडकावर असायचे. वर्गातल्या हजेरीपटावर माझ्या गैरहजेरीच्या फुल्या चंद्र बघून पडायच्या. शेवटी मास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, हिला एकीकडे कुठेतरी ठेवा. आईनं मला खडकावर ठेवलं. तिच्यावर माझा राग नाही. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

पुढे मुंबईत एका गुजराती कुटुंबात स्वयंपाकाला लागले. ते दार-ए-सलामला धंद्यासाठी गेले तेव्हा मलाही घेऊन गेले. घरच्या बाईंनी मला पहिल्या वर्षी चष्मा करून दिला आणि दुसऱ्या वर्षी दुपारची सुट्टी दिली. या दोन गोष्टींचं ऋण माझ्यावर कायम राहील. त्या दुपारच्या सुट्टीत मी मासळीबाजारात जायचे, वासासाठी म्हणा हवं तर. तिथेच स्वाहिली शिकले, बांगड्याच्या भावात घासाघीस करत. आणि तिथेच मला रेडिओवाली बाई भेटली.

ती तिथल्याच किनाऱ्यावरची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, कोणाच्या नोकरीत नसलेली बातमीदार. समुद्र, मासेमारी, खारफुटी, किनाऱ्यावरून हाकललेली माणसं, असल्या विषयांवर ती हिंडायची आणि बातमी रेडिओला, नाहीतर ज्याला हवी त्याला विकायची. मासेवाल्या बायका तिच्याशी बोलताना लाजत आणि माझ्याशी बोलताना हसत, हे तिनं हेरलं. मला म्हणाली, तुला पाणी कळतं, तू माझ्याबरोबर चल. तिनं माझ्या हातात रेकॉर्डर दिला. कोणाचं बोलणं अर्ध्यात तोडायचं नाही, ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं लिहायचं, हे सगळं तिचं. मग मी स्वयंपाक सोडला. पासपोर्ट उशीखाली आहे ना, हे झोपेतसुद्धा चाचपायचे. अजून चाचपते.

मराठीत लिहायचं ते त्याच्यासाठी सुरू केलं. त्याच्या साप्ताहिकाचा पत्ता गावच्या एकानं दिला. मी वहीत लिहून, फोटो काढून पाठवलं. त्याचा लगेच फोन आला.

"ताई, तुम्ही हिरा आहात. पैसे देता येणार नाहीत, आमचं छोटं पत्र. पण नाव होईल तुमचं. अख्ख्या जिल्ह्यात नाव होईल."

मी उभीच होते. म्हटलं, "नाव झालं तरी पुष्कळ, सर."

सात लेख पाठवले. कोळशासाठी तोडलेल्या खारफुटीबद्दल, पाणी तापलं म्हणून कुजलेल्या समुद्रशेवाळाच्या शेतीबद्दल, परदेशी ट्रॉलरनं फाडलेल्या जाळ्यांबद्दल. अंक मागितला की तो म्हणायचा, पोस्टानं धाडलाय, तुमच्याकडचं पोस्टखातं बेकार. मी इथल्या पोस्टाला शिव्या घातल्या. बिचारं पोस्ट.

मग कार्डाचा प्रश्न आला. इथे बातमीदार म्हणून फिरायचं तर सरकारी कार्ड लागतं. आतापर्यंत मी रेडिओवालीची मदतनीस म्हणून खपून गेले होते, आता स्वतःच्या नावावर अर्ज करायचा होता. कार्डाच्या सरकारी खिडकीतला माणूस म्हणाला, तुझ्या नावानं छापलेली कात्रणं आण. कुठल्याही भाषेतली चालतील, सोबत भाषांतर जोड. कार्ड नाही तर काम नाही, आणि काम नाही तर इथे राहायचं कशाच्या जोरावर? परत कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, किंवा परत खडकावर. माझं सगळं त्या कात्रणांवर अडकलं होतं.

त्याच महिन्यात गुजराती बाई भारतात जाऊन आल्या. आईनं त्यांच्या मुंबईच्या पत्त्यावर वाळवलेल्या कोलंबीचे सोडे पाठवले होते. पुडी सोडली तर सोडे गुंडाळलेला कागद त्याच्या साप्ताहिकाचा. कागदाला सुकटीचा वास, आणि मधोमध माझा ट्रॉलरवरचा लेख. माझीच वाक्यं. फक्त 'मी गेले'चं 'मी गेलो' केलेलं, 'मी बघितलं' तसंच. वर त्याचा फोटो, डोक्याला उन्हाची टोपी, आणि सदराचं नाव: आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून.

मी ते सोडे त्या दिवशी भिजतच घातले नाहीत. कागद टेबलावर पसरून बसले. रडू आलं नाही. आत काहीतरी कडक, गार, सुरीच्या पात्यासारखं होतं. मला ते बरं वाटलं, हे लपवून काय करू?

फोन करून भांडता आलं असतं. पण भांडण म्हणजे माझा शब्द आणि त्याचा शब्द. तो शिकलेला, संपादक. मी नववीत सोडलेली. कोण मानणार? जे फक्त आमच्या बायका पकडतील आणि हायवेकडचा माणूस जन्मात पकडणार नाही, असं काहीतरी मला हवं होतं.

आठवा लेख त्या वेळी माझ्या हातात होता आणि तो माझा सगळ्यात चांगला लेख होता. दार-ए-सलामपासून बऱ्याच लांब एका गावात बायका ऑक्टोपस धरतात. उधाणाच्या ओहोटीला प्रवाळाचे खडक उघडे पडले की हातात सळई घेऊन उतरतात, बिळात सळई घालून तो आठपायी जीव बाहेर काढतात. मी त्यांच्याबरोबर उतरले होते. पायाखाली तोच खरखरीतपणा, ओल्या परकराचा तोच भार. त्यांच्या वाटेवर एका हॉटेलवाल्यानं दगडी कुंपण घातलं होतं. वळसा घालून पोचेपर्यंत पाणी परतायला लागायचं. एकीनं मला सांगितलं होतं, "भिंत आमच्या पायांना आडवी नाही, चंद्राला आडवी आहे." तो लेख मी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाच्या वर्णनानं सुरू केला होता. त्या 'पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी'वर मी काट मारली आणि लिहिलं: 'अष्टमीचा दिवस होता. पाणी दूरवर, पार क्षितिजापर्यंत ओसरलं होतं. अष्टमीच्या या मोठ्या ओहोटीची बायका पंधरा दिवस वाट बघतात.'

पाठवलं. त्याचा फोन आला. "ताई, काय चित्र उभं केलंय! क्षितिजापर्यंत!"

"आवडलं ना सर?" मी म्हटलं. उभी राहूनच.

त्यानंतर पासपोर्टच्या कामासाठी मला गावी यायचं होतं. आल्या आल्या कळलं, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या एका मंडळानं त्याचा सत्कार ठेवलाय. आफ्रिकेतल्या मच्छीमारांची व्यथा वेशीवर टांगल्याबद्दल. शाळेचा हॉल, दुपारी चारची वेळ. मी फोन केला तर म्हणाला, "या की कार्यक्रमाला. अंकांचं तिथेच बोलू." मला कळलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि आठवी पास बाई चारचौघांत तोंड उघडणार नाही याची त्याला खात्री होती.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. ती आणि तिच्या बरोबरीच्या कालवं काढणाऱ्या बायका पुढच्या रांगेत बसल्या, कारण पंखा तिथे होता. मी त्यांच्यामागे. अंगणवाडीच्या बाईंनी स्वागत केलं, मंडळाच्या अध्यक्षांनी माईकवर फुंकर मारली. मग तो उठला. म्हणाला, भाषण करत नाही, माझा ताजा अनुभवच वाचून दाखवतो. आणि चष्मा लावून, आवाज घोगरा करून वाचायला लागला.

"अष्टमीचा दिवस होता. पाणी दूरवर..."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी, आईची जोडीदारीण, शेजारणीकडे वळली. "काय म्हणता तो? अष्टमी?"

"आयक गो, वाचता तो."

"अष्टमीच्या या मोठ्या ओहोटीची बायका पंधरा दिवस..."

"ओ सायबानु!" म्हातारी उभीच राहिली. "अष्टमीक पाणी खंय सुकता? तुमच्या आफ्रिकेत चंद्र दुसरो आसा काय?"

हॉल हसला. आधी बायका, मग मागचे पुरुष, मग ज्यांना काही कळलं नव्हतं ते. कोणीतरी ओरडलं, "सायबानी कॅलेंडर उलटा टांगल्यान वाटता!" दुसरा म्हणाला, "अरे भांगाक क्षितिजापर्यंत गेला तर उधाणाक पाणी गोव्यात जायत!" तो कागदाकडे बघत होता, चूक कुठली हेच त्याला सापडत नव्हतं. अध्यक्षांनी कानात सांगितलं तेव्हा त्याच्या मानेवर घाम फुटलेला मला दिसला. मी तो घाम डोळे भरून पाहिला. आजही आठवला की जेवण गोड लागतं.

पण तो काही कच्चा नव्हता. रुमालानं मान पुसून, हात जोडून म्हणाला, "बंधुभगिनींनो, चूक झाली. पण ती माझी नाही. तिकडची माहिती आमच्या एक प्रतिनिधी पाठवतात. आठवी शिकलेली मुलगी आहे, गरिबाघरची. मी सांभाळून घेतो. घाईत तपासायचं राहिलं." आणि थेट माझ्याकडे हात केला. "त्या आज इथेच आहेत."

सगळ्या माना वळल्या. त्या बायकांनी मला खडकावर चालायला शिकवलं होतं, पाय कापला तर तंबाखू दाबून धरली होती. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जशी काही मी माझ्या आईचं घरच विसरले होते. हे मी मोजलं नव्हतं. सापळा लावताना तो कोणाच्या पायात अडकेल एवढंच पाहिलं होतं, त्याला दुसरं तोंड असेल हे पाहिलंच नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं चारचौघांत माझं काम माझ्या पदरात घातलं आणि ते अष्टमीचं घातलं.

आई वळून म्हणाली, "गो, तुका भांग-उधाण कळना नाय?" रागानं नाही. घाबरून.

मी उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे पडली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कचेरीत, माईकसमोर आम्ही पुस्तकी मराठी बोलतो. माझ्या तोंडून ती आलीच नाही.

"आई, माका सगळा कळता," मी म्हटलं. "ता मी मुद्दाम घातलंय."

मग त्याच्याकडे वळले. "चूक माझी ना, सर? मगे बाकीचा कोणाचा? खारफुटी कोणाची? ट्रॉलर कोणाचो? तुमी थंय कधी गेल्लात?"

त्यानं कागदाची घडी केली. काही बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. म्हातारी माझ्याकडे हात करून त्याला म्हणाली, "मेल्या, चेडवाचा खातंस आणि चेडवाकच दाखवतंस!" मागून कोणीतरी शिट्टी मारली. अध्यक्ष माईक धरून "शांतता, शांतता" करत राहिले. शेवटी शाल आणि नारळ त्यांनी त्यालाच दिला, कारण आणलेला होता आणि दुसऱ्या कोणाला द्यायचा ते ठरलेलं नव्हतं. तो शाल हातात घडी करून, अंगावर न घेता, मागच्या दारानं गेला.

मी त्या संध्याकाळी खूश होते का? होते. आईनं सोलकढी केली, म्हातारी दोनदा येऊन हॉलची नक्कल करून गेली. पण पुढच्या अंकात चौकट छापून आली. शेजारच्या मुलीनं ती आईला वाचून दाखवली. 'खुलासा' असा मथळा, खाली माझं पूर्ण नाव, आणि मजकूर: आमच्या आफ्रिकेतील प्रतिनिधी यांनी मजकुरात जाणूनबुजून खोटी माहिती घातल्याचे जाहीररीत्या कबूल केले आहे, सबब त्यांच्याशी साप्ताहिकाचा संबंध उरलेला नाही.

माझ्या नावाचं पहिलं कात्रण ते. आणि त्यात जे लिहिलं होतं ते अक्षरशः खरं होतं.

ते घेऊन मी दार-ए-सलामला परत आले. रेडिओवालीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती टाळी देईल. तिनं कात्रण हातात धरून विचारलं, "त्या ऑक्टोपसवाल्या बायकांना विचारलंस?"

"काय?"

"तुझ्या भांडणासाठी त्यांची ओहोटी वापरू का, असं?"

मी कात्रण परत घ्यायला हात पुढे केला. तिनं ते दिलं नाही.

"तुझ्या गावाला आता त्यांच्याबद्दल काय आठवतं? भिंत आठवते की हसू आठवतं?"

मला हसू आठवत होतं. भिंतीचा परिच्छेद वाचायला तो पोचलाच नव्हता. हॉलमधल्या एकालाही त्या कुंपणाचं ठाऊक नव्हतं, आणि ज्यांच्या किनाऱ्यावरही कुंपणं पडायला लागली आहेत असे आमचेच लोक होते ते. तिनं मला ओरडून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती कात्रण माझ्यापुढे ठेवून निघून गेली. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "त्या माणसाला आणखी मार. पण तुझ्या खऱ्या लेखानं मार."

ती खरी गुरू. तिनं माझा राग काढून घेतला नाही, फक्त त्याला धार कुठून लावायची ते दाखवलं.

मी परत त्या गावी गेले. बायकांपुढे बसून सांगितलं की तुमची तिथी मी खोटी लिहिली, आणि का लिहिली. त्यातल्या मोठीनं विचारलं, "त्यानं ओळखलं नाही?" मी म्हटलं, नाही. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसू पुसून म्हणाली, "आता खरं लिही. आणि भिंत आधी लिही." मी भिंत आधी लिहिली. पुण्याच्या एका मासिकानं तो छापला, पौर्णिमेसकट. शेवटी मी दोन ओळी टाकल्या होत्या, की आधी एका साप्ताहिकाला पाठवलेल्या याच लेखात मी तिथी मुद्दाम चुकीची दिली होती, ती माझी चूक. संपादकबाईंनी त्या ओळी काढल्या नाहीत. वर माझं नाव, मोठ्या अक्षरात, इतकं मोठं की मला बघवेना.

त्या कात्रणाबरोबर मी खुलाशाचं कात्रणही जोडलं, दोन्हींचं भाषांतर शब्दाला शब्द.  खिडकीतल्या माणसानं दोन्ही वाचली, लेख बाजूला ठेवला, खुलाशावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता शिक्का मारला. एका वर्षाचं कार्ड. पुढच्या वर्षी पुन्हा रांग, पुन्हा कात्रणं. तरी तो शिक्का मारणारा हात मला देवासारखा वाटला, खोटं कशाला सांगू?

मासिकाचा एक अंक मी आईला धाडला. तिनं काय केलं ते मला फोनवर तिच्याच तोंडून कळलं. तिनं कालवांची टोपली घेतली, अंक पदरात गुंडाळला, एसटीनं त्याच्या कचेरीत गेली. तो ओळखीचं हसला, बसा म्हणाला. ती बसली नाही. अंक टेबलावर उघडून ठेवला.

"माका वाचूक येणा नाय," ती म्हणाली. "वाचून दाखव."

"मावशी, मी कामात..."

"माका घाई नाय. कालवां ओली आसत, दोन तास टिकतत."

टोपलीतून पाणी त्याच्या फरशीवर ठिबकत होतं. कचेरीतली दोन माणसं बघत होती. त्यानं मथळा वाचला आणि खालच्या मजकुरावर गेला.

"मदला काय सोडलंस?" आईनं विचारलं. "मथळ्याच्या खाली मोठ्या अक्षरात आसा ता."

ते माझं नाव होतं, शेजारच्या मुलीनं तिला आधीच बोटानं दाखवून ठेवलेलं. त्यानं ते वाचलं.

"मोठ्यान वाच. म्हातारी मी, ऐकू कमी येता."

आईला ऐकू उत्तम येतं. त्यानं मोठ्यानं वाचलं. मग तिनं त्याच्याकडून अख्खा लेख वाचून घेतला, भिंत, सळई, चंद्र, सगळं, आणि पौर्णिमा आली तेव्हा म्हणाली, "आता बरोबर." टोपली उचलून निघून आली.

मी फोनवर हसत होते आणि मला रडूही येत होतं, पण क्षमा काही आली नाही. ती येईल असं मला वाटतही नाही. त्यानं स्वतःच्या नावावर छापलेले सात लेख आहेत. ते सातही मी परत लिहिते आहे, नव्यानं जाऊन, नव्यानं विचारून. खारफुटीचा झाला, मासिकाकडे गेलाय.

आईनं काल विचारलं, "दुसरो कधी येतलो गो? माका एसटीचो टायम बघूक व्हयो."